उत्तीर्णांचे स्नेहसंमेलन

अलीकडे महाराष्ट्रातील सुशिक्षित कुटुंबांत एक नवा कुलाचार रूढ होऊ पाहत आहे. शाळा सोडून पंचवीस, चाळीस, क्वचित पन्नास वर्षे लोटली, की एके काळचे वर्गबंधू आणि वर्गभगिनी पुनर्भेटीचा घाट घालतात. परदेशस्थांच्या सुटीप्रमाणे तारीख मुक्रर होते, त्यांची सुटी बदलली की तारीखही बदलते, वर्गणी ठरते, हयात शिक्षकांचे पत्ते शोधून शाली-श्रीफळांचा हिशेब होतो, आणि प्रत्यक्ष सोहळ्यापूर्वी महिना-दोन महिने आठवणींना जो पूर येतो त्यास कोणताच बांध पुरत नाही. मधल्या सुटीत खाल्लेल्या चिंचा, कंपासपेटीतील करकटकाने बाकावर कोरलेली नावे, सहलीला निघालेली आणि घाटात बंद पडलेली एस. टी., नाटकात ऐन वेळी निसटलेली मिशी आणि गणिताच्या मास्तरांची छडी, ह्या पंचामृतावाचून एकही स्मरणिका सिद्ध होत नाही. मुखपृष्ठावर शाळेची कौलारू इमारत असते. आत गेलेले दिवस परत येत नाहीत अशा आशयाचे संपादकीय असते.

इतक्या निरुपद्रवी आनंदावर लेखणी चालविणे हे अरसिकपणाचे लक्षण होय, असे पुष्कळ वाचकांस वाटेल. उतारवयाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसांनी चार घटका बालपणाच्या गप्पा मारल्या तर त्यात कोणाचे काय गेले? गप्पांविषयी आमची तक्रार नाहीच. तक्रार आहे ती पटाविषयी. ज्यांच्याकडून आठवणी मागविल्या जातात त्यांची नावे कोठून येतात, आणि जी नावे येत नाहीत ती कोठे जातात, ह्याची चौकशी केल्याचे आमच्या पाहण्यात आलेल्या एकाही स्मरणिकेत आढळत नाही.

निमंत्रणपत्रिकाच पाहा. तीवर ‘दहावी, १९८४’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते. मंडळी त्याहून वडील असतील तर ‘अकरावी, १९७०’. म्हणजे पाचवीपासून शेवटच्या इयत्तेपर्यंत जी मुले सहा-सात वर्षे एका छपराखाली बसली, त्यांची ओळख शेवटच्या परीक्षेच्या एका सालावरून ठरते. आणि ते सालही परीक्षेस बसल्याचे नसून ती उतरल्याचे असते. ज्या काळची ही मंडळी, त्या काळी शालान्त परीक्षेचा निकाल म्हणजे घरोघरी धास्तीचा दिवस असे. उत्तीर्णांचे बैठकक्रमांक वर्तमानपत्रात छापून येत. एक क्रमांक छापलेला आणि पुढचा गाळलेला, एवढ्यावर एका बाकावरील दोन मुलांचे आयुष्य दोन वाटांना लागे. राहिलेल्यांपैकी काहीजण ऑक्टोबरची वारी करीत, काही दुसऱ्या मार्चची; उरलेले कोणत्याच वारीला जात नसत. आज मामला बदलला आहे. २०२४ साली राज्याच्या दहावीचा निकाल ९५.८१ टक्के लागला. करोनाच्या साथीमुळे परीक्षाच झाली नाही त्या २०२१ साली तो ९९.९५ टक्के होता; आणि गुणपत्रिकेवरील ‘नापास’ हा शब्दही जाऊन त्याजागी ‘कौशल्य विकासास पात्र’ असा शिष्ट शेरा आला आहे. परंतु आज पन्नाशी-साठीत जे पुनर्भेटीचे सोहळे करीत आहेत ते ह्या उदार युगातले नव्हेत. त्यांच्या वर्गातील मोठा भाग त्या एका दिवशी गळाला, आणि पुढे चाळीस वर्षांनी निमंत्रणांची यादी करतानाही गळालेलाच राहिला. शिक्षणमंडळाने एकदा नापास केलेल्यास त्याच्या मित्रांनी दुसऱ्यांदा नापास करावे, हे आम्हांस दुःसह वाटते.

‘आम्ही शोधले, पण ते सापडले नाहीत,’ असे चालक सांगतात. शोधले कोठे? पुणे, ठाणे, न्यूजर्सी आणि दुबई येथे. तो तर बहुधा गावातच असतो. बाजारपेठेत त्याचे सायकलदुरुस्तीचे दुकान असते, आगारात तो मेकॅनिक असतो, आठवड्याच्या बाजारी भाजीची पाटी घेऊन बसतो. आणि संमेलनाच्या मंडपातील खुर्च्या त्यानेच भाड्याने दिलेल्या असणेही अशक्य नाही.

परीक्षेपर्यंत पोहोचलेल्यांची ही कथा. त्याआधीच ज्यांची नावे पटावरून उतरली त्यांचे काय? १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील आणि सोलापूर-नगरकडील कित्येक मुले आईबापांबरोबर खडी फोडण्याच्या आणि नालाबंडिंगच्या कामावर गेली. पाऊस परत आला, तरी त्यांपैकी सर्वच काही वर्गात परत आली नाहीत. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. साठाहून अधिक गिरण्या आणि सुमारे अडीच लक्ष कामगार त्यात ओढले गेले, आणि लालबाग-परळच्या चाळींतून बिऱ्हाडे कोकणात नि घाटावर परतू लागली. त्या वर्षी गिरणगावातल्या शाळांत जे नववीत होते त्यांच्या पुनर्भेटीही आता होतात. ‘संपाच्या वर्षी आमच्या बाकावरचा अमका एकाएकी येईनासा झाला, आणि आम्ही त्याच्या घरी गेलो नाही,’ असे एक वाक्य त्या स्मरणिकांतून वाचावयास मिळेल तर आम्ही त्या लेखकास शंभर चिंचा माफ करू.

मुलींची गोष्ट तर ह्याहून विचित्र आहे. विवाहाच्या वेळी मुलीचे किमान वय अठरा असावे असा कायदा १९७८ साली झाला. तोपर्यंत ही मर्यादा पंधराची होती. खेडोपाडी आणि तालुक्याच्या गावी आठवी-नववीतून उठून थेट बोहल्यावर चढलेल्या मुली प्रत्येक वर्गात असत, आणि कायदा झाल्यावरही त्या एकदम नाहीशा झाल्या असे नाही. त्यांचे आडनाव बदललेच, पुष्कळींचे पाळण्यातले नावही तांदळाच्या ताटात बदलून गेले. शाळेच्या हजेरीत सहा वर्षे रोज पुकारले गेलेले ते नाव आज माहेरची दोन-चार वृद्ध माणसे सोडली तर कोणाच्याही तोंडी नाही. तिला शोधावयाचे तर तिच्या भावाच्या दारात जाऊन विचारावे लागते, आणि हे कष्ट यंत्राची बटणे दाबून होत नाहीत. पुनर्भेटीच्या छायाचित्रांत स्त्रिया कमी का दिसतात, ह्याचे कारण ‘घरच्या अडचणी’ असे देऊन मोकळे होणारांनी आपण स्वतः किती दारे ठोठावली हे मोजून सांगावे.

येथवरचे आमचे म्हणणे निमंत्रणाच्या औदार्याचे आहे असे कोणी समजू नये. गैरहजरांस बोलावणे हा त्यांच्यावर उपकार नव्हे. ते नसल्यामुळे हजर असलेल्यांच्या आठवणींनाच खोटेपणा येतो, हा आमचा खरा मुद्दा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ह्या छोट्याशा आत्मकथनात साताऱ्याच्या शाळेची आठवण लिहून ठेविली आहे. वर्गात त्यांना वेगळे बसावे लागे. बसावयाचे गोणपाट घरून आणावे आणि घरी न्यावे लागे. तहान लागली तर नळास हात लावण्याची मुभा नव्हती, शिपायाने तोटी सोडली तरच पाणी, शिपाई नसेल तर पाणीही नाही. त्या वर्गात आणखीही मुले होती. ती शिकली, वकील-मामलेदार झाली असतील, म्हातारपणी एकत्रही जमली असतील. त्यांपैकी कोणी शाळेविषयी लिहिते तर खेळून दमल्यावर त्या नळाचे पाणी किती गार लागे, हेच लिहिते. आणि ते खोटे नसते! वाचकांनी ह्या ठिकाणी क्षणभर थांबावे अशी आमची विनंती आहे. आठवण सांगणारा असत्य बोलत नाही. त्याच्या जिभेवर खरोखरच ते पाणी गार असते. परंतु अशा पन्नास खऱ्या आठवणी एकत्र बांधल्या की शाळेचे जे चित्र तयार होते ते साफ खोटे असते, कारण एकावन्नावा मुलगा ओंजळ धरून शिपायाची वाट पाहत असतो आणि त्याची आठवण कोणी मागविलेली नसते. उर्मिला पवारांच्या ‘आयदान’मध्ये शाळेतले शेण काढण्याच्या कामाची आणि ते नाकारल्यावर बसलेल्या थपडेची हकीकत आहे. ती वाचून हळहळणाऱ्या आमच्या सुशिक्षित वर्गातील किती जणांनी आपल्या शाळेत शेण कोण काढीत असे, हे आठवून पाहिले?

आणि आंबेडकर काय, उर्मिलाबाई काय, ही लिहू शकणारी, नावारूपाला आलेली माणसे. अण्णासाहेब कर्वे मुरुडहून शंभराहून अधिक मैल चालत साताऱ्यास परीक्षेला गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून परत फिरविले गेले, ही आठवण आपणांस ठाऊक आहे. कारण ते पुढे महर्षी झाले. परत फिरविलेली आणि पुढे कोणीच न झालेली मुले आपली पायपीट कोणत्या आत्मवृत्तात लिहिणार? त्यांची जागा वर्गबंधूंच्या स्मरणिकेतच असावयाची.

ह्या खोटेपणाचे फळ छडीच्या प्रकरणात उघड दिसते. मंचावर वृद्ध मास्तर बसलेले असतात. एखादा सुखवस्तू अभियंता ध्वनिक्षेपक हाती घेऊन म्हणतो, ‘सरांच्या माराने आम्ही घडलो,’ आणि टाळ्यांचा कडकडाट होतो. आता ह्या साक्षीचे मोल काय? मार खाऊनही जो टिकला तोच साक्षीला उभा आहे. ज्याने त्याच माराच्या भीतीने सातवीत शाळा सोडली तो मंडपात नाही. तो असता तर कडकडाट झाला नसता. गुणाकार चुकला म्हणून उलट्या हातावर पट्टी खाणारा मुलगा आणि फी थकली म्हणून वर्गाबाहेर उभा राहिलेला मुलगा ह्यांना त्या दिवशी काय वाटले हे त्यांनी सांगावे, मग टाळ्या वाजवाव्यात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने, म्हणजे १ एप्रिल २०१० पासून, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ ह्यांना मनाई केली आहे. ती मनाई कागदावर राहण्यास जी अनेक कारणे आहेत त्यांत हे आजोबांचे प्रेमळ भाषणही आम्ही मोजतो. कारण ते ऐकावयास पहिल्या रांगेत नातवंडे बसलेली असतात, आणि कित्येकदा त्यांचे शिक्षकही. गंमत अशी, की अख्ख्या महाराष्ट्रास मुखोद्गत असलेली शाळेची आठवण एकच आहे, आणि ती छडीपुढे न नमल्याची आहे. टरफले उचलण्यास नकार देणारा बाळ टिळक दर वर्षी १ ऑगस्टला वक्तृत्वस्पर्धांतून घरोघर पोहोचतो. ती कथा खरी की रचलेली हा वाद येथे नको. (शेंगा खाल्ल्या तरी कोणी, हे मात्र आजवर कोणी विचारलेले नाही.) परक्याच्या मुलाचा नकार तेजस्वी आणि आपला निमूटपणा ‘संस्कार’, असे हे दुहेरी माप आहे.

कोणी म्हणेल, ‘आम्ही बोलावले तरी त्यांनाच यावयाचे नसते.’ हे कित्येकदा खरे असेल. परंतु त्यांनी का यावे? गावाबाहेरच्या विश्रामस्थळी दोन दिवसांचा मुक्काम, माणशी काही हजार रुपये वर्गणी, आणि पोहोचताच ‘परिचयाचा कार्यक्रम’! ह्या कार्यक्रमात प्रत्येकाने उभे राहून हुद्दा, घर, मुलांची पदवी आणि त्यांचा परदेश सांगावयाचा असतो. बालमैत्रीच्या नावाने भरविलेल्या सभेत पहिली तीस मिनिटे प्रौढपणीचे गुणपत्रक वाचले जाते. ज्याचे पहिलेच गुणपत्रक फाडले गेले त्याने दुसरे ऐकावयास वर्गणी भरून यावे, ही अपेक्षा क्रूर आहे. दुसरे कोणी म्हणेल, ‘आनंदाच्या दिवशी ही रडगाणी कशाला?’ जुन्या मित्राची चौकशी ज्यांना रडगाणे वाटते त्यांच्याशी आम्ही वाद घालीत नाही.

उपाय अवघड नाही, आणि त्याचे साधन प्रत्येक शाळेच्या कचेरीत कपाटबंद आहे. त्यास ‘जनरल रजिस्टर’ म्हणतात. शाळेत नाव घातलेल्या प्रत्येक मुलाची त्यात नोंद असते आणि ते कायम जपून ठेवावे लागते. जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख असे त्याचे रकाने असतात, आणि शेवटाकडे एक रकाना असतो: शाळा सोडल्याचे कारण. दर ओळीसमोर कारकुनाच्या अक्षरात दोन-तीन शब्द: ‘स्थलांतर’, ‘पालकांच्या विनंतीवरून’, ‘सतत गैरहजर, नाव कमी केले’. ज्यांना पुनर्भेट करावयाची आहे त्यांनी यादी दहावीच्या निकालावरून न करता पाचवीत दाखल झालेल्यांवरून करावी. मुख्याध्यापकांच्या परवानगीने त्यांच्यासमोर बसून ही पाने वाचावीत. जे नाव कोणालाच आठवत नाही त्याच्यापासून शोधास आरंभ करावा, आणि आठवणी मागविण्याचे पहिले पत्र त्यालाच घालावे. त्यास लिहिता येत नसेल तर जाऊन ऐकून लिहून घ्यावे. सोहळा ह्या कामी वर्षभर लांबला तरी चालेल. वर्गणी पेलेल तेवढी ज्याने त्याने द्यावी, जागा शाळेचाच वर्ग असावी, परिचयाच्या कार्यक्रमाऐवजी जुनी हजेरी पुकारावी, मुलींची माहेरच्या नावाने. आणि ज्या नावाला उत्तर येणार नाही त्याच्याविषयी कोणास काय ठाऊक आहे ते विचारून मगच पुढचे नाव घ्यावे.