मास्क लावावा की नाही? आधी प्रश्न नीट विचारूया

"डॉक्टर, आता तरी खरं सांगा. मास्कचा काही उपयोग होतो का हो?"

२०२० पासून हा प्रश्न मला शेकडो वेळा विचारला गेला आहे. काही जणांना 'हो' ऐकायचं असतं, काहींना 'नाही'. माझं उत्तर दोघांनाही आवडत नाही. मी म्हणतो, कोणता मास्क, कोणाच्या तोंडावर आणि कुठे, ते आधी सांगा.

सुरुवात आम्हा डॉक्टरांच्या चुकीपासून करतो. मार्च २०२० मध्ये एक आजोबा खांद्यावरचा टॉवेल तोंडाला बांधून दवाखान्यात आले होते. मी त्यांना म्हणालो, "आजोबा, तुम्हाला सर्दी-खोकला नाही, मग हे कशाला?" तेव्हा जागतिक आरोग्य संघटनाही निरोगी माणसाला मास्कची गरज नाही असंच सांगत होती. ८ एप्रिलला मुंबई महापालिकेने मास्क सक्तीचा केला आणि ५ जूनला जागतिक आरोग्य संघटनेनेही आपला सल्ला बदलला. लोकांना वाटलं, हे डॉक्टर रोज वेगळं बोलतात.

सल्ला बदलण्यामागे कारणं होती. सुरुवातीला मास्कचा तुटवडा होता. खोकणारा माणूसच रोग पसरवतो, अशी समजूत होती. लक्षणं दिसण्याआधीही माणूस विषाणू सोडतो आणि बंद खोलीत तो सूक्ष्म कणांवरून हवेत तरंगत राहतो, हे नंतर कळलं. 'आम्हाला नवीन माहिती मिळाली म्हणून सल्ला बदलतोय' एवढं आम्ही मोकळेपणाने सांगितलं असतं, तर अर्धा वाद झालाच नसता.

कारण अविश्वास वाढला की त्या जागी काहीही येऊन बसतं. एप्रिल २०२१ मध्ये, दुसरी लाट चढत असताना, सांगलीत संभाजी भिडे यांनी कोरोना हा रोगच नाही आणि मास्कची गरज नाही, असं जाहीरपणे सांगितलं. पुढे काय झालं ते आपण पाहिलं. ऑगस्ट २०२१ च्या सुरुवातीला राज्याच्या बऱ्याच भागात निर्बंध शिथिल झाले, तेव्हा ज्या ११ जिल्ह्यांत ते कायम राहिले त्यांत सातारा आणि सांगली दोन्ही होते. याला एकच कारण नव्हतं, आणि एका भाषणामुळे असं झालं असंही मी म्हणणार नाही. पण तो रोग खरा होता, हे सांगायला आता कोणाची गरज नसावी.

दुसऱ्या बाजूनेही चुका झाल्या. मोकळ्या रस्त्यावर मोटारसायकलवरून एकट्या जाणाऱ्या माणसाला मास्क नाही म्हणून दंड करण्यात आरोग्याचा फायदा जवळजवळ शून्य होता. तोच माणूस घरी जाऊन मास्क काढायचा आणि दारं-खिडक्या लावून घरच्यांबरोबर जेवायला बसायचा. मार्च २०२० मधलं इस्लामपूर आठवा. परदेशातून आलेल्या चौघांपासून सुरू झालेली बाधितांची संख्या काही दिवसांत वीसच्या पुढे गेली. त्यातले बहुतेक जण एकाच कुटुंबातले, नात्यातले होते. रोग रस्त्यापेक्षा घरात आणि बंद खोलीत जास्त पसरत होता, आणि आपण पावत्या मात्र रस्त्यावर फाडत होतो.

अभ्यास काय सांगतात?

बांगलादेशात सुमारे ६०० गावांमध्ये, तीन लाखांहून जास्त प्रौढांवर मोठा प्रयोग झाला. मास्क वाटून, समजावून सांगितल्यावर नीट मास्क वापरणारे १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले. सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत लक्षणांसह झालेला कोविड सुमारे ११ टक्क्यांनी कमी झाला, आणि साठीच्या पुढच्या माणसांत सुमारे ३५ टक्क्यांनी. कापडी मास्कचा फायदा मात्र तितका स्पष्ट दिसला नाही.

डेन्मार्कमधल्या सुमारे ६००० लोकांच्या अभ्यासात मास्कचा सल्ला दिलेल्यांपैकी १.८ टक्के, तर इतरांपैकी २.१ टक्के लोकांना संसर्ग झाला. फरक इतका लहान की त्यावरून ठाम काही सांगता येत नाही. शिवाय त्यात फक्त मास्क लावणाऱ्याचा बचाव मोजला होता, समोरच्याचा नाही.

२०२३ मध्ये कोक्रेन या संस्थेच्या आढाव्यावरून 'मास्क निरुपयोगी' अशा बातम्या फिरल्या. तो अर्थ चुकीचा आहे, असं कोक्रेनच्या मुख्य संपादकांनीच नंतर स्पष्ट केलं. 'उपयोग सिद्ध झाला नाही' आणि 'उपयोग नाही हे सिद्ध झालं' ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

मास्कने ऑक्सिजन कमी होतो, ही भीतीही सोडून द्या. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आणि नर्स तासन् तास मास्क लावून उभे असतात. गुदमरल्यासारखं वाटतं हे खरं, पण निरोगी माणसाच्या रक्तातला ऑक्सिजन त्याने घटत नाही. ज्यांना आधीच दम लागतो, त्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारून मास्क निवडावा.

मग सक्ती हवी की नको?

राज्यातली मास्कसक्ती २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला, उठली. वर्षभरानंतर रुग्ण वाढू लागताच सातारा जिल्हा प्रशासनाने सरकारी कार्यालयं, महाविद्यालयं, बँका अशा ठिकाणी ती पुन्हा आणली. माझं मत असं आहे: सक्ती करायचीच तर ती थोड्या ठिकाणी, थोड्या दिवसांसाठी आणि कारण सांगून करावी. पहिला क्रमांक दवाखान्यांचा. सगळीकडे लावलेली सक्ती शेवटी हनुवटीवरच लटकते.

सक्ती नसतानाही तुम्ही एवढं करा:

- ताप, सर्दी, खोकला असेल तर चारचौघांत जाताना सर्जिकल मास्क लावा. नाक उघडं ठेवू नका.
- दवाखान्यात किंवा आजारी माणसाला भेटायला जाताना मास्क न्या.
- घरात टीबीचा रुग्ण असेल तर त्याने मास्क लावावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि गोळ्या एकही दिवस चुकवू नयेत.
- स्वतःला जास्त धोका असेल तर एन-९५ वापरा. तो धुऊ नका, धुतला की त्याची गाळण्याची ताकद जाते. झडपवाला मास्क तुमचा श्वास न गाळताच बाहेर सोडतो, त्यामुळे समोरच्याचा बचाव होत नाही.

माझ्या दवाखान्यातल्या बाकावर दम्याची आजी, केमोथेरपी चालू असलेला माणूस आणि तापाने फणफणलेलं पोर शेजारी-शेजारी बसलेलं असतं. तुमच्या खोकल्याचं तुम्हाला काही वाटणार नाही, चार दिवसांत तो जाईल. त्या आजीला मात्र तो आयसीयूपर्यंत नेऊ शकतो. मास्कचा विचार करताना आधी तिच्याकडे बघा.

आणि ते टॉवेलवाले आजोबा परत भेटले, तर मी त्यांना म्हणेन, "आजोबा, तेव्हा मी चुकलो. टॉवेल राहू द्या, हा सर्जिकल मास्क घ्या."