गॉथमिस्ट : मालकाने एका संध्याकाळी बंद केलेली वेबसाइट परत कशी सुरू झाली?

२ नोव्हेंबर २०१७, गुरुवारची संध्याकाळ. न्यूयॉर्कमध्ये ज्यांनी 'गॉथमिस्ट' उघडली, त्यांना बातम्यांच्या जागी मालकाचं एक पत्र दिसलं. धंदा टिकवायचा तर त्यातून पैसा सुटला पाहिजे, इतकी वर्षं प्रयत्न करूनही ते जमलं नाही, म्हणून 'गॉथमिस्ट' आणि तिची जोडीदार 'डीएनएइन्फो' बंद करतोय, असा पत्राचा मथितार्थ. जुन्या बातमीची लिंक उघडली तरी तेच पत्र. न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि वॉशिंग्टन अशा पाच शहरांतल्या ११५ जणांची नोकरी त्या एका संध्याकाळी गेली.

चार महिनेही झाले नव्हते, तोवर 'गॉथमिस्ट'ला नवा मालक मिळाला. पुढे काही वर्षांनी तिच्या भावंडांपैकी एक पुन्हा बंद पडलं. स्थानिक बातम्यांची वेबसाइट कशावर जगते आणि कशाने मरते, हे या एकाच गोष्टीत दिसतं.

साइट होती कसली?

गॉथम हे न्यूयॉर्कचं जुनं टोपणनाव. बॅटमॅनचं शहरही त्यावरूनच आलं. जेक डॉबकिन आणि जेन चंग यांनी २००३ मध्ये 'गॉथमिस्ट' सुरू केली. सबवे का खोळंबली, कुठलं जुनं हॉटेल बंद होतंय, पोलिसांनी काय केलं, अशा शहरातल्या माणसाला रोज लागणाऱ्या बातम्या, थोड्या खट्याळ भाषेत. मग त्याच धर्तीवर 'एलएइस्ट', 'शिकागोइस्ट', 'डीसीइस्ट' अशा बहिणी निघाल्या.

'डीएनएइन्फो' २००९ ची. तिची पद्धत वेगळी होती. पुण्यात कोथरूडला एक, हडपसरला एक, येरवड्याला एक बातमीदार नेमावा, तसे तिचे बातमीदार वस्त्यांमध्ये वाटलेले असायचे. मोठी वर्तमानपत्रं जिथे फक्त खून झाला तरच जातात, तिथे ही माणसं रोज असायची.

पैसा होता जो रिकेट्स यांचा. 'टीडी अमेरिट्रेड' या शेअर दलाली कंपनीचे हे संस्थापक, अब्जाधीश. शिकागो कब्ज हा बेसबॉलचा संघ त्यांच्या कुटुंबाकडे आहे. मार्च २०१७ मध्ये त्यांनी 'गॉथमिस्ट' विकत घेतली आणि दोन्ही साइट एकत्र केल्या.

मग बिनसलं कुठे?

न्यूयॉर्कच्या संपादकीय कर्मचाऱ्यांनी युनियन करायचं ठरवलं. रिकेट्स यांचा विरोध लपलेला नव्हता. युनियनमुळे कंपनीत 'आम्ही विरुद्ध ते' असं वातावरण तयार होतं, असं त्यांनी जाहीरपणे लिहिलं होतं. ऑक्टोबरच्या अखेरीस मतदान झालं. २५ मतं युनियनच्या बाजूने, २ विरोधात. आठवड्याभरात टाळं.

'डीएनएइन्फो' तोट्यात होती, हे खरंच आहे आणि तो तोटा आठ वर्षं रिकेट्स स्वतःच्या खिशातून भरत होते. पण तोट्यातली साइट आठ वर्षं चालते आणि मतदानानंतर आठवडाही टिकत नाही, याला निव्वळ योगायोग म्हणणं अवघड आहे. कंपनीनेही युनियनचा निर्णय ही धंद्यापुढची आणखी एक अडचण असल्याचं म्हटलं होतंच. त्यातही मतदान झालं न्यूयॉर्कमध्ये; शिकागो, लॉस एंजेलिस, वॉशिंग्टनच्या लोकांनी तर मतच दिलं नव्हतं. त्यांचंही दुकान बंद.

सगळ्यात जास्त बोभाटा झाला तो जुन्या बातम्या गायब झाल्याचा. पत्रकाराला दुसरी नोकरी शोधताना स्वतःच्या बातम्या दाखवाव्या लागतात, त्याच दिसेनात. शिवाय एखाद्या वस्तीचा आठ-दहा वर्षांचा इतिहास कधी कधी तेवढ्याच बातम्यांमध्ये असतो. दुसऱ्या दिवशी त्या परत दिसू लागल्या खऱ्या, पण सगळं पुसायला एक माणूस पुरेसा आहे, हे लोकांना कळून चुकलं होतं. तुमच्या तालुक्याच्या बातम्या देणारं पोर्टल किंवा यूट्यूब चॅनल बघत असाल, तर त्याचा पासवर्ड नक्की कुणाकडे आहे, हा प्रश्न तिथेही लागू होतो.

जीव कुणी ओतला?

२३ फेब्रुवारी २०१८ ला बातमी आली. न्यूयॉर्कच्या 'डब्ल्यूएनवायसी' या सार्वजनिक रेडिओने 'गॉथमिस्ट' घेतली. लॉस एंजेलिस भागातल्या 'केपीसीसी'ने 'एलएइस्ट', वॉशिंग्टनच्या 'डब्ल्यूएएमयू'ने 'डीसीइस्ट'. पैसे दिले दोन देणगीदारांनी, नाव न सांगता.

सार्वजनिक रेडिओ म्हटल्यावर आपल्याला आकाशवाणी आठवते, पण तिकडचं गणित निराळं आहे. ही स्टेशनं मुख्यतः श्रोत्यांच्या आणि संस्थांच्या देणग्यांवर, प्रायोजकांवर चालतात. त्यांच्याकडे देणगी देणारा निष्ठावान श्रोता होता. मोबाइलवर बातमी वाचणारा तरुण नव्हता. तो 'गॉथमिस्ट'कडे होता. दोघांनाही एकमेकांची गरज होती. डॉबकिन आणि चंगही परत आले. लॉस एंजेलिसमध्ये तर २०२३ मध्ये रेडिओ स्टेशननेच आपलं नाव बदलून 'एलएइस्ट' केलं.

शिकागोची कथा मात्र वेगळी. 'शिकागोइस्ट' हे नाव चान्स द रॅपरने विकत घेतलं आणि ही बातमी त्याने चक्क गाण्यातून दिली. पण शहराला बातम्या मिळाल्या त्या दुसरीकडून. 'डीएनएइन्फो'तल्या तीन माजी संपादकांनी किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले. जमले १ लाख ८३ हजार डॉलरहून जास्त. जून २०१८ मध्ये 'ब्लॉक क्लब शिकागो' सुरू झाली, ना-नफा तत्त्वावर.

तिचा उपयोग काय, ते २०२१ मध्ये दिसलं. शहराच्या वेस्ट साइडला लॉरेटो नावाचं रुग्णालय आहे. तिथल्या गरीब, बहुसंख्य कृष्णवर्णीय वस्तीसाठी आलेली कोरोना लस ट्रम्प टॉवरच्या कर्मचाऱ्यांना दिली गेल्याचं 'ब्लॉक क्लब'ने बाहेर काढलं. रुग्णालयाच्या बड्या अधिकाऱ्याला राजीनामा द्यावा लागला.

आणि वॉशिंग्टन?

२३ फेब्रुवारी २०२४. रेडिओने विकत घेतल्याच्या घोषणेला बरोबर सहा वर्षं झाली, त्याच दिवशी 'डब्ल्यूएएमयू'ने 'डीसीइस्ट' बंद केली. यावेळी मालक अब्जाधीश नव्हता, युनियनचं भांडण नव्हतं. संस्थेला ऑडिओवर भर द्यायचा होता, एवढंच. सुरुवातीला जुन्या बातम्या पुन्हा दिसेनाशा झाल्या, लोक पुन्हा चिडले आणि पुन्हा त्या परत आणाव्या लागल्या.

रेडिओच्या आसऱ्यालाही आता तडा गेलाय. जुलै २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणासाठी आधीच मंजूर केलेले १.१ अब्ज डॉलर मागे घेतले. मोठ्या शहरांतली स्टेशनं देणग्यांवर तग धरतील; लहान गावांतल्यांचं कठीण आहे.

नोकरी गेलेल्या वॉशिंग्टनच्या काही पत्रकारांनी २०२४ मध्येच शिकागोची वाट धरली. लोकांकडून पैसे जमवून त्यांनी 'द फिफ्टी-फर्स्ट' नावाची साइट काढली. वॉशिंग्टनला ५१ वं राज्य करा, ही शहराची जुनी मागणी, त्यावरून हे नाव. इथे वर कुणी मालक नाही. साइट चालवायची कशी, हे तिथे काम करणारेच मिळून ठरवतात.