राखणदाराची राखण

मारेगाव तालुक्यात रानडुकरे व रोही यांच्यापासून कपाशी-तूर वाचविण्यासाठी जागलीला जाणाऱ्या शेतकऱ्याचा सोबती कुत्राच असतो. त्याला शिळी भाकर मिळते, रेबीजची लस मात्र क्वचितच. शेतकऱ्याला यासाठी बोल लावणे सोपे आहे. शहरी श्वानप्रेमी तो आवडीने लावतात. पिलू तीन महिन्यांचे झाले की लस, पुढे दरवर्षी तिची पुनरावृत्ती, जंतांचे औषध, स्वच्छ पाणी एवढे मालकाने करावयासच हवे. परंतु लशीसाठी दिवसाची मजुरी बुडणार असेल, तर प्रश्न केवळ त्याच्या कर्तव्यबुद्धीचा राहत नाही. पाश्चरची लस १८८५ सालची. तरीही जगातील रेबीजबळींपैकी सुमारे एक तृतीयांश भारतातले, आणि त्यांत लहान मुले फार. गावातील ७० टक्के कुत्र्यांना लस टोचली तर रोगाची साखळी तुटते. लाळ-खुरकुताची सरकारी लस गाईम्हशींना गोठ्यात मिळते. कुत्रा दूध देत नाही, हाच काय त्याचा अपराध! पशुसंवर्धन खात्याने व नगरपंचायतीने आठवडी बाजारातच कुत्र्यांना मोफत लस टोचावी. तोवर कुत्रा चावल्यास जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी व त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. लक्षणे दिसू लागल्यावर वैद्यकाच्या हाती काही उरत नाही.