चुकलेल्याला दुसरी संधी कोण देतो?

13 मार्च 2021. गोव्यातील फातोर्डा मैदानावर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना होता. मुंबई सिटीविरुद्ध कोलकात्याचा एटीके मोहन बागान एका गोलने पुढे होता. तेवढ्यात कोलकात्याचाच स्पॅनिश बचावपटू तिरी याच्या डोक्याला लागून चेंडू स्वतःच्याच जाळ्यात गेला. शेवटी मुंबई 2-1 ने जिंकली.

बचावपटूचे जिणे असेच असते. त्याने शंभर वेळा वाचवलेले कोणी मोजत नाही, एकदा चुकलेले मात्र सगळ्यांच्या लक्षात राहते. हे दुःख आपल्या समाजाला नवे नाही.

पण पुढे काय झाले ते पाहा. स्पेनच्या दक्षिणेकडील लॉस बारिओस या लहानशा गावातला हा मुलगा अ‍ॅटलेटिको माद्रिदच्या युवा संघात घडला. 2015 मध्ये, त्याच क्लबची भागीदारी असलेल्या कोलकात्याच्या संघातून तो भारतात आला आणि 2016 च्या विजेत्या संघात खेळला. मग जमशेदपूर, पुन्हा कोलकाता. स्वयंगोलानंतर त्याला कोणी हाकलले नाही. मे 2022 मध्ये गुडघा गेला, अख्खा हंगाम बुडाला. तरीही 2023 मध्ये मुंबई सिटीने त्याला घेतले आणि 4 मे 2024 रोजी मुंबईने मोहन बागानला 3-1 ने हरवून चषक जिंकला. त्या संघाचा कर्णधार होता मुंबईचाच बचावपटू राहुल भेके.

तिरी गुणी आहेच. पण गुणाच्या पाठीशी क्लब होता, प्रशिक्षक होता, डॉक्टर होता, पगार होता. म्हणून तो पडला आणि पुन्हा उठला.

आता बोईसरला या. तारापूर एमआयडीसीत कंत्राटावर राबणाऱ्या बापाचा मुलगा किंवा पालघरच्या पाड्यावरची मुलगी अनवाणी पायाने चेंडू अडवते. तिचा गुडघा गेला तर उपचार कोण करणार? 2013 मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली, 2014 मध्ये पालघर जिल्हा झाला. पण म्हणून अंधेरी-कुलाब्याचे मैदान या मुलांच्या दारात आले काय?

नुसत्या गुणाने दार उघडत नाही, हे आपल्याला पळवणकर बाळू यांनी शिकवले. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणाऱ्या या चर्मकार गोलंदाजाला हिंदू संघाचे कर्णधारपद कधीच मिळाले नाही. पुण्यात त्यांना चहासुद्धा वेगळ्या भांड्यात, बाहेर दिला जाई. आज भांडे वेगळे नसेल, पण मैदान वेगळे आहेच.

मग करायचे काय? हात जोडून भीक मागायची नाही, हक्क मागायचा. 2013 च्या कंपनी कायद्याप्रमाणे ठरावीक नफ्यावरील कंपन्यांनी सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे आहेत आणि त्या कामांच्या यादीत ग्रामीण खेळांचे प्रशिक्षण स्पष्टपणे लिहिलेले आहे. तारापूरच्या ज्या कारखान्यांचा धूर आपली मुले गिळतात, त्यांच्या त्या पैशातून बोईसरला एक मैदान, एक प्रशिक्षक आणि जखमी खेळाडूच्या उपचाराची सोय का होऊ नये?

वस्तीवस्तीतल्या मंडळांनी जयंतीच्या वर्गणीचा हिशेब जसा चोख ठेवला, तसाच हा हिशेबही कंपन्यांच्या दारात जाऊन मागावा. आपल्या मुलांना कौतुकाच्या टाळ्या नकोत. चुकल्यावर, पडल्यावर पुन्हा उभे राहण्याची दुसरी संधी हवी.