तुझा तासाचा रेट काय?

अमेरिकेतल्या आपल्या लोकांच्या पॉटलकमध्ये एक प्रश्न ठरलेला असतो. कुणी म्हणालं, "या वीकांताला गाडीचं काम घरीच करतोय," की दुसरा लगेच विचारणार, "तुझा तासाचा रेट काय रे? आणि मेकॅनिकचा काय?" मग वजाबाकी होते, सगळे हसतात आणि विषय बिर्याणीकडे वळतो.

मला ही वजाबाकीच मान्य नाही. का, ते इनटेक मॅनिफोल्डच्या गॅस्केटवरून सांगतो. (गॅस्केट म्हणजे आपल्याकडचे मेकॅनिक ज्याला पॅकिंग म्हणतात ते.)

जीएमची ३१०० आणि ३४०० ही व्ही-६ इंजिनं घ्या. २००० ते २००५ च्या इम्पालात, ग्रँड अॅममध्ये, ब्यूइक सेंच्युरीत हीच असायची. यात मॅनिफोल्ड दोन हेडांच्या मधल्या खाचेत बसतं आणि त्यातून हवेबरोबर कूलंटही जातं. मूळ पॅकिंग कसलं, तर नायलॉनची चौकट आणि तिच्यावर सिलिकॉनची कड. वर्षानुवर्षं तापून-निवून नायलॉन ठिसूळ होतं, कड सुटते. कूलंट बाहेर गळलं तर नशीब समजा. आत गळलं की ऑइलमध्ये जातं, ऑइल दुधाळ होतं आणि बेअरिंगं खलास. पॅकिंगच्या एका तुकड्यापायी अख्खं इंजिन!

दोष पॅकिंगचा की नारिंगी डेक्स-कूल कूलंटचा, यावर लोक वर्षानुवर्षं भांडले. कोर्टात गेले. २००८ मध्ये कंपनीने चूक कबूल न करता तडजोड केली, पात्र मालकांना ५० ते ८०० डॉलर मिळाले. सरकारी रिकॉल असतो तो सुरक्षेच्या दोषासाठी, मेलेल्या इंजिनासाठी नव्हे. माझं म्हणणं साधं आहे. जिथे पोचायला अर्धं इंजिन उघडावं लागतं, तिथेच मटेरियलमध्ये काटकसर करायची नसते. हे कळायला मेकॅनिकल इंजिनिअर असावं लागत नाही. (आपण कोडमध्ये हेच करतो म्हणा. असो.)

आता वजाबाकीकडे. तिच्यात गृहीत काय धरलंय? की पैसे टाकले की तेच काम होतं. अहो, नाही होत! इथल्या बऱ्याच गॅरेजांत मेकॅनिकला पुस्तकात त्या कामापुढे छापलेल्या तासांचेच पैसे मिळतात, मग त्याला प्रत्यक्षात कितीही वेळ लागो. त्याने घाई केली तर मी त्याला दोष देणार नाही. पण या कामात जे जपायचं ते सगळं वेळ खाणारं. अॅल्युमिनियमच्या हेडवरचं जुनं पॅकिंग प्लास्टिकच्या पट्टीने हळूहळू खरवडायचं. एअर टूलला घासायची चकती लावली तर पाच मिनिटांत लख्ख होतं, पण ती पूड ऑइलमध्ये जाऊन बेअरिंगं खाते. हे माझं नाही, जीएमच्याच तांत्रिक पत्रकात लिहिलंय.

पुशरॉडचंही तसंच. ते पॅकिंगमधूनच जातात, म्हणून काढावे लागतात, आणि एक्झॉस्टचे इनटेकपेक्षा लांब असतात. पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमाने खोचून ठेवा. अदलाबदल झाली तर पुढचं सांगत नाही. मॅनिफोल्ड बसवताना उभे बोल्ट आधी, तिरपे नंतर, पहिली फेरी फक्त ६२ इंच-पाउंडांची. तिरपे आधी आवळलेत तर नवं पॅकिंगही गळणार. आणि नवं म्हणजे पुन्हा नायलॉनचं नव्हे! धातूच्या चौकटीचं आणि चांगल्या रबराचं मिळतं, किंमत थोडी जास्त, तेच घ्या. मला या कामाला दोन शनिवार-रविवार लागले. गॅरेजवाला ते एका दिवसात उरकतो.

अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये बॉनेट उघडायलाच बंदी असेल, तर गॅरेजला द्या, त्यात कमीपणा नाही. पण मग पॅकिंग कोणतं घालणार ते बिल होण्याआधी विचारा. त्या प्रश्नाला तासाचा रेट लागत नाही. नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्यांना तर हात जोडून सांगतो, दीड-दोन हजार डॉलरची अशी जुनी गाडी घेताना ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बघा. आणि कुणी सीनियर म्हणाला, "रेडिएटरमध्ये गळती बंद करायची बाटली ओत, झालं काम," तर त्याचं ऐकू नका. ती बाटली गळतीआधी हीटरच्या नळ्या तुंबवते, आणि मिनेसोटात जानेवारीत हीटर नसणं म्हणजे काय ते त्या सीनियरलाच विचारा.

काम घरी केलंत तर इंजिन सुरू करण्याआधी ऑइल आणि फिल्टर बदला. कितीही जपलं तरी मॅनिफोल्ड उचलताना थोडं कूलंट आत सांडतंच. नवं कूलंट भरताना थर्मोस्टॅटजवळचा छोटा स्क्रू सैल करून अडकलेली हवा काढा, आणि पहिला आठवडा रोज सकाळी गार इंजिनावर पातळी बघत जा.