लाडोबांचं गोड कारस्थान

मैत्रिणींनो, रात्री आपण दाराला कडी घालतो, वर कुलूपही लावतो. चोर बिचारा बाहेरच राहतो. खरे कारस्थानी मात्र आधीच घरात, आपल्याच सोफ्यावर पाय ताणून झोपलेले असतात!

पहिली आरोपी मनीमाऊ. आपल्या हातात उकळत्या आमटीचं पातेलं असलं की बाईसाहेबांना नेमकी पायात घोटाळायची हुक्की येते. तेव्हा आधी तिला स्वयंपाकघराबाहेर काढावं, मगच पातेलं उतरवावं. तिचा दुसरा डाव छुपा असतो. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या जंतूचा संसर्ग होऊ शकतो. गर्भारपणात तो पहिल्यांदाच झाला, तर पोटातल्या बाळाला अपाय होण्याची भीती असते. म्हणून काही मनीला हाकलायला नको. विष्ठेतले हे जंतू बाधक व्हायला एक दिवस तरी लागतो, म्हणून तिची वाळू रोजच्या रोज साफ व्हावी, आणि ते काम घरातल्या दुसऱ्या कुणी करावं. डॉक्टरांच्याच सल्ल्याने यजमानांना कामाला लावायची अशी संधी पुन्हा यायची नाही! शिवाय भाज्या स्वच्छ धुवाव्यात, मांस पूर्ण शिजवावं. हा जंतू तिथूनही येतो.

दुसरा आरोपी मिठू. सासूबाईंबद्दल आपण पुटपुटलेलं त्यांच्याच माहेरच्या माणसांसमोर खणखणीत म्हणून दाखवतो, हा त्याचा लहान गुन्हा. मोठा गुन्हा आपला! १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडचे देशी पोपट पाळायला बंदी आहे. म्हणजे पिंजऱ्यात तो आणि कोठडीत आपण! घरी असेलच, तर नुसतं दार उघडून उडवून देऊ नका. माणसाळलेला पक्षी बाहेर तगत नाही. वनखात्याकडे चौकशी करा.

तिसरा आरोपी मोती. इथे मात्र थट्टा पुरे. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली, की रोगी वाचणं जवळजवळ अशक्य. पण वेळीच उपचार झाले तर रोग टळतो. कुत्रा किंवा मांजर चावलं, ओरखडलं, तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवावी. हळद, तिखट, चुना काही लावू नये. आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती आता नको. हल्ली ती दंडात देतात आणि थोडीच असतात. सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतात. मात्र एकही चुकवू नये. ‘घरचाच आहे, काय होतंय!’ असं म्हणून स्वस्थ बसू नये. मुलं रागावतील म्हणून ओरखडा लपवतात, तेव्हा त्यांना आधीच सांगून ठेवा, की याबद्दल कुणी रागावणार नाही. आणि मोतीची लस दरवर्षी, कॅलेंडरवर खूण करून.

एवढं सांभाळलंत की लाडोबा खुशाल लाडात राहू देत. सोफा मात्र गेलाच म्हणून समजा!