पिशवी नेमकी कुठे बसणार?

मूत्राशयाचा कर्करोग स्नायूच्या थरात शिरला की बहुतेकदा अख्खं मूत्राशयच काढावं लागतं. पुरुषांत प्रोस्टेटही जातं, बायकांत बहुधा गर्भाशय. जीव वाचतो. पण मग लघवी जाणार कुठून?

लहान आतड्याचा १५-२० सेंटीमीटरचा तुकडा घ्यायचा, त्याला मूत्रवाहिन्या जोडायच्या आणि त्याचं दुसरं टोक पोटावर उजवीकडे बाहेर काढायचं. ही रीत अमेरिकन सर्जन युजीन ब्रिकर यांनी १९५० साली रूढ केली. बाहेर आलेलं लालसर तोंड म्हणजे स्टोमा. त्याला मिटण्याची ताकद नसते; लघवी सतत झिरपते, म्हणून पिशवी.

ती पिशवी कुठे बसणार, हे ऑपरेशनच्या टेबलावर ठरवण्याची गोष्टच नव्हे. आधीच रुग्णाला उभं करून, वाकवून, मांडी घालून बसवून पोटावर पेनाने खूण करायला हवी. परकराची नाडी कुठे येते, पट्टा कुठे काचतो, घडी कुठे पडते, सगळं पाहायला हवं. स्टोमा घडीत आला की पिशवीची चिकट चकती सुटते, कातडी सोलवटते, कपडे भिजतात. मग माणूस लग्नकार्याला जाणं टाळतो, नातवाला मांडीवर घ्यायलाही कचरतो. पिशवी नीट बसली तर तोच माणूस आंघोळ करतो, प्रवास करतो, कामावर जातो.

आतड्याचंच नवं मूत्राशय आत बसवण्याचा पर्याय काहींना मिळतो. बाहेर पिशवी नाही, हे खरं. पण लागल्याची नेहमीची जाणीवही नाही. घड्याळ लावून जायचं, सुरुवातीला तर रात्रीही गजर लावून उठायचं. काहींना नळी घालून लघवी काढावी लागते. दोन्हींत अमुकच बरं, असं अभ्यासांतूनही ठामपणे निघालेलं नाही. म्हणून निवड रुग्णाची हवी, आणि शरीरसंबंधांवर होणाऱ्या परिणामांसकट सगळं त्याला आधी सांगितलेलं हवं.

परळच्या टाटा रुग्णालयात स्टोमा क्लिनिक आहे. तशी प्रशिक्षित नर्स प्रत्येक जिल्हा रुग्णालयात हवी. २०१६च्या दिव्यांग कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यांत स्टोमा नाही. तो घालायला हवा. आणि प्रत्येक एसटी स्थानकाच्या स्वच्छतागृहात सामान ठेवायला एक फळी, एक खुंटी, पाणी आणि झाकणाची कचरापेटी. एवढ्यासाठी कायदा बदलण्याचीही वाट पाहावी लागत नाही.